व्ही-ट्विन क्रूझरची थरथर पुन्हा पुन्हा परत येत असेल तर

तक्रार साधारण अशी असते. गाडी 650 ते 900 सीसीची व्ही-ट्विन क्रूझर, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही च्या आकारात बसवलेली. ठरावीक वेगाला हाताला मुंग्या येतात, आरशातली मागची गाडी पुसट होते, फूटपेगवर तळपाय बधिर होतो. चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. टायर बदलला, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) बदलला, कार्ब्युरेटर ट्यून केले, हँडलच्या टोकांना जड वजनं लावली. दर वेळी थोडा फरक पडतो आणि थरथर परत येते. शेवटी मेकॅनिक सांगतो, "साहेब, व्ही-ट्विन आहे, एवढं चालायचंच."

एवढं चालायचं नसतं. व्ही-ट्विनमध्ये कंपन असतं हे खरं आहे, पण कारखान्यातून निघताना ते किती, कुठल्या आरपीएमला आणि कुठून जाणवावं हे ठरवूनच गाडी बनवलेली असते. कालपर्यंत नव्हतं ते आज जाणवतंय, तर काहीतरी बदललंय. माझं म्हणणं एवढंच की थरथर जिथे जाणवते तिथे उपाय करत बसू नका. ती इंजिनाच्या आरपीएमबरोबर बदलते की गाडीच्या वेगाबरोबर, हे आधी ठरवा. मग ती उगमापासून तुमच्या हातापर्यंत कुठल्या वाटेनं येते ते शोधा. वारंवार परत येणाऱ्या तक्रारींत मी बहुतेक वेळा ही वाटच बिघडलेली पाहिली आहे, आणि दुरुस्ती मात्र दोन्ही टोकांना होत राहते.

हे इंजिन मुळात किती हलतं

थोडं गणित सांगतो. त्यानं पुढचं सगळं सोपं होईल.

पिस्टन वर-खाली जाताना इंजिनाला धक्का देतो. समजा पिस्टन, पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून 450 ग्रॅम वजन आहे आणि स्ट्रोक 74 मिलिमीटर. 4000 आरपीएमला एका पिस्टनचा मुख्य जोर जवळपास 2900 न्यूटन होतो, म्हणजे सुमारे 300 किलो वजनाएवढा. तो सेकंदाला 67 वेळा वर-खाली होतो. शिवाय हा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. 3000 वरून 4500 वर गेलात की आरपीएम दीडपट होतात आणि जोर सव्वादोन पट. "चार हजारांपर्यंत ठीक असते, पुढे अचानक सुरू होतं" या तक्रारीमागे हा वर्ग तर असतोच. जोडीला चेसिसचा किंवा हँडलचा एखादा भाग त्याच कंपनसंख्येला झंकारायला लागतो.

आता दोन सिलिंडर एकाच क्रँकपिनवर (इंजिनाच्या फिरत्या क्रँकवरची, कनेक्टिंग रॉड धरणारी पिन) बसवले, तर क्रँकच्या वजनांनी या जोराचा एक भाग पूर्ण मिटवता येतो. जो उरतो तो क्रँकच्या उलट दिशेनं, क्रँकच्याच गतीनं फिरतो, आणि तो किती उरणार हे व्ही चा कोन ठरवतो. 90 अंशांच्या व्ही मध्ये तो शून्य असतो. 70 अंशांत एका पिस्टनच्या जोराच्या 34 टक्के, 60 अंशांत 50 टक्के, 55 अंशांत 57 टक्के आणि 45 अंशांत 71 टक्के उरतो. मग क्रूझरला 90 अंशांचं इंजिन का देत नाहीत? कारण ते लांबीला मोठं होतं, आणि क्रूझरच्या टाकीखालच्या जागेत अरुंद व्ही जास्त शोभतो, नीट बसतोही.

उरलेल्या जोराचं काय करायचं, याची उत्तरं तीन. पहिलं, दोन्ही कनेक्टिंग रॉडांना वेगळ्या पिना देऊन त्या एकमेकींपासून फिरवायच्या. किती, तर 180 वजा व्ही च्या कोनाची दुप्पट. होंडानं 1983 च्या शॅडोमध्ये हेच केलं: 500 सीसीच्या इंजिनात 52 अंशांचा व्ही आणि 76 अंश फिरवलेल्या पिना, 750 मध्ये 45 अंशांचा व्ही आणि 90 अंश फिरवलेल्या पिना. कंपन गेलं, पण त्याबरोबर एका पिनेच्या इंजिनाचा तो लंगडता ठेकाही गेला. 45 अंशांच्या एका पिनेच्या इंजिनात दोन स्फोटांमधलं अंतर 315 आणि 405 अंश असतं, ठेका तिथून येतो. लोकांना तो हवा होता, म्हणून 1995 च्या 1100 सीसी शॅडो एसीईसाठी होंडा पुन्हा एका पिनेवर आली. दुसरं उत्तर बॅलन्सर शाफ्ट. क्रँकच्या उलट, त्याच गतीनं फिरणारं वजन हा उरलेला जोर मारतं. कावासाकीची व्हल्कन 900 या वाटेनं जाते, 55 अंशांचा व्ही, एक पिन आणि बॅलन्सर. तिसरं उत्तर म्हणजे इंजिन हलू द्यायचं, पण रबरावर बसवून चेसिसपासून तोडायचं. हार्लेच्या स्पोर्ट्स्टरला 2004 मध्ये रबर माउंट मिळाले.

तुमच्या गाडीत यातलं कुठलं उत्तर आहे ते आधी पाहा. बिघाड त्याच उत्तराच्या आसपास सापडण्याची शक्यता जास्त असते.

आरपीएमबरोबर की वेगाबरोबर

मोकळा, सरळ, चांगला रस्ता निवडा. ज्या वेगाला थरथर येते तो वेग धरा, समजा ताशी 90, टॉप गिअर. आता तोच वेग ठेवून एक गिअर खाली या. आरपीएम बदलले, वेग तोच आहे. थरथरीचा सूर बदलला, जागा बदलली किंवा ती गायबच झाली, तर उगम इंजिनाकडे आहे. काहीच फरक पडला नाही तर चाकं आणि चेसिस बघायचे. खात्री करायला त्याच वेगाला क्लच दाबा आणि थ्रॉटल सोडा. इंजिन आयडलला येईल, गाडी मात्र पळत राहील. थरथर टिकली तर इंजिन निर्दोष.

ही चाचणी करताना दोन्ही हात हँडलवरच हवेत. हात सोडून हँडल हलतं का ते बघायला सांगणारे बरेच भेटतात. त्या सल्ल्यात धोका जास्त आणि माहिती कमी आहे.

आकड्यांत फरक केवढा आहे बघा. 130/90-16 च्या पुढच्या टायरचा परीघ सुमारे 2 मीटर. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण 12 वेळा फिरतं. त्याच वेळी इंजिन 4000 वर असेल तर क्रँक 67 वेळा फिरतो. 12 चा हादरा डोळ्यांना दिसतो, हँडल किंवा फोर्क हलताना कळतो. 67 चं कंपन दिसत नाही, त्याच्या मुंग्या येतात आणि आरसा पुसट होतो. म्हणून हाताला मुंग्या येतात म्हणून चाकाचं बॅलन्सिंग करायचं, याला अर्थ नाही.

मोबाईलवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपचा काही जण वापर करतात. त्यात एक सापळा आहे. ॲप सेकंदाला 100 वेळा नोंद घेत असेल तर 50 हर्ट्झच्या वरचं काहीही ते खरं दाखवू शकत नाही, वरची कंपनं ते खाली दुमडून दाखवतं. 67 हर्ट्झचं अगदी निरोगी कंपन त्यावर 33 हर्ट्झला दिसेल. आणि 4000 आरपीएमला एक सिलिंडर मिसिंग करत असेल तर ते खरोखरच 33 हर्ट्झला दिसतं, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. धडधाकट इंजिनाला मिसिंगचा शिक्का बसायला एवढं पुरतं. ॲपचा नोंदीचा दर 200 च्या वर नेता येत असेल तरच त्यावर विसंबा. आणि फोन हँडलला लावायचा असेल तर कंपन शोषणारं माउंट घ्या. मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं 2021 मध्ये दिला आहे. मोजणी अगदी थोडा वेळ करायची आणि फोन काढून खिशात टाकायचा.

आरपीएमबरोबर येते: आधी माउंट

इंजिन उघडायच्या, कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी इंजिन चेसिसला जिथे जिथे धरलेलं आहे तिथे टॉर्च घेऊन बसा. गाडी धुवायच्या आधी बसा, कारण पुरावा धूळ आणि पूड यांतच असतो.

बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरच्या कडेनं लालसर तपकिरी बारीक पूड दिसते का पाहा. दिसायला गंजासारखी असते, पण बोटावर घेतली तर पिठासारखी मऊ लागते. पोलादाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर केसाच्या अंशाएवढे घासत राहिले की ही पूड निघते. इंजिनाचा कान, म्हणजे बोल्टसाठी बाहेर आलेला भोकाचा भाग, ॲल्युमिनियमचा असेल तर पूड करडी-काळी असते. बोल्ट काढल्यावर वॉशरखाली आरशासारखी घासून चकचकीत झालेली कडी दिसली तर शंकाच नको, तो सांधा चालू गाडीत सरकतोय. मग बोल्ट हाताला कितीही घट्ट लागो. ब्रॅकेट चेसिसच्या नळीला जिथे वेल्ड केलंय तिथे रंगात केसासारखी रेघ आहे का, हेही बघा. असेल तर गाडी तिथेच थांबवा.

बोल्ट सैल का होतो, हे माहीत असेल तर पुढची निम्मी मेहनत वाचते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 मध्ये प्रयोग करून दाखवलं की सांधा बोल्टच्या आडव्या दिशेनं सरकायला लागला की नट आपोआप उलटा फिरतो. नुसतं उभ्या दिशेनं ओढलं-सोडलं तर एवढा त्रास होत नाही. म्हणजे बोल्टचं काम सांध्याला इतकं दाबून धरण्याचं आहे की तो सरकूच नये. कापलेल्या स्प्रिंग वॉशरनं हे साधत नाही. थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा चिकट द्रव) नटाला फिरू देत नाही, पण दाब कमी पडत असेल तर सांधा सरकतोच, भोक मोठं होतं आणि थरथर परत येते. दर महिन्याला माउंट "टाइट करून" घेणाऱ्यांची गोष्ट बहुधा हीच असते.

दाब कमी कशानं होतो? एक कारण फार वेळा निसटतं: रंग. चेसिसला पावडर कोटिंग करून घेतलं आणि माउंटच्या बसायच्या जागा झाकल्या नाहीत, तर बोल्टखाली कोटिंगचा जाड थर राहतो. टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) बरोबर आकडा दाखवतो, बोल्ट घट्ट होतो, मग काही आठवड्यांत उष्णतेनं आणि दाबानं तो थर दबतो. एक दशांश मिलिमीटर दबला तरी आखूड बोल्टचा बहुतेक ताण निघून जातो. अशा गाडीत माउंटचे पृष्ठभाग धातूपर्यंत स्वच्छ करायचे, गंजू नये म्हणून अगदी पातळ हात मारायचा, आणि मगच आवळायचं.

दुसरं कारण क्रॅश गार्ड. पुष्कळ गार्ड इंजिनाच्या पुढच्या माउंटच्या बोल्टवरच बसवतात. मूळ बोल्ट काढून गार्डबरोबर आलेला लांब बोल्ट घातला जातो, त्याचा दर्जा कमी असू शकतो, आणि मध्ये गार्डची पातळ पट्टी आली की सांध्यात आणखी दोन पृष्ठभाग वाढतात. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. मूळ 10.9 असताना 8.8 बसवला असेल तर तो मूळ टॉर्कला आवळता येत नाही, आणि कमी आवळला तर पुरेसा दाब देत नाही. शिवाय गार्डच्या लांब नळीवर हायवे पेग लावले असतील तर नळी स्वतःच एखाद्या आरपीएमला झंकारते. गार्ड पूर्ण काढून, मूळ बोल्ट घालून एक चक्कर मारा. एवढ्यानं निकाल लागतो.

तिसरं, आणि रबर माउंटच्या गाड्यांत सगळ्यात जास्त फसवणारं, म्हणजे सायलेन्सर. कारखान्यानं इंजिन रबरावर बसवलं, पण बेंड पाइप (इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप) इंजिनाच्या हेडला आणि सायलेन्सर चेसिसला. मूळ सायलेन्सरच्या टांगणीत त्यासाठी रबर बुश किंवा थोडं सरकणारं ब्रॅकेट असतं. नवा सायलेन्सर बसवताना ते बुश राहून गेलं, किंवा पाइप ताणून जबरदस्तीनं बोल्ट घातला, की रबराला वळसा घालून पोलादाचा सरळ रस्ता तयार होतो. रबर कितीही नवं टाका, कंपन या रस्त्यानं चेसिसमध्ये येणारच. क्लच केबल, ऑइल कूलरचा पाइप, वायरिंगचा ताणलेला गठ्ठाही लहान प्रमाणात हेच करतात. इंजिन आणि चेसिस यांच्या मधून जाणारी प्रत्येक गोष्ट सैल आहे ना, बघून घ्या.

माउंट पुन्हा बसवताना

एकेक बोल्ट काढून, पुसून, पुन्हा आवळणं पुरत नाही. इंजिन आधीच वाकड्या अवस्थेत धरलेलं असेल तर ते तसंच राहतं. गाडी सरळ उभी करून घट्ट बांधा. क्रँककेसच्या सपाट, मजबूत भागाखाली लाकडी फळी ठेवून जॅकनं इंजिनाचं वजन उचला, ऑइल फिल्टर किंवा बेंड पाइपवर जॅक टेकवू नका. आता बेंड पाइपचे हेडकडचे नट, सायलेन्सरची टांगणी, वरचं ब्रॅकेट आणि सगळे माउंट बोल्ट सैल करा.

जॅक अगदी थोडा वर-खाली करत राहिलात तर एका ठिकाणी लांब बोल्ट बोटांनी आत-बाहेर सरकायला लागतो. ती इंजिनाची खरी जागा. एक बोल्ट मोकळा सरकतोय आणि दुसऱ्याला हातोडी लागतेय, तर ब्रॅकेट वाकलंय, स्पेसर चुकीच्या बाजूला बसलाय किंवा चेसिसला कधीतरी मार लागलाय. इंजिनाचा कान आणि चेसिसची पट्टी यांत फट असेल तर ती बोल्ट आवळून मिटवू नका. काही चेसिसमध्ये यासाठी फिरवता येणारी बाही असते, नसेल तिथे योग्य जाडीची शिम (धातूची पातळ चकती) घालतात. फट बोल्टनं ओढून मिटवली की कान कायमचा ताणाखाली राहतो आणि तडा तिथूनच जातो.

सगळे बोल्ट हातानं लावून झाले की मॅन्युअलमधल्या क्रमानं, थंड इंजिनावर, दोन टप्प्यांत टॉर्क द्या. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा. तेल लावलेल्या आट्यांवर तोच आकडा दिला तर बोल्ट हिशेबापेक्षा जास्त ताणला जातो, त्यामुळे मॅन्युअलनं सांगितलं असेल तरच तेल. नायलॉनचे नट नवे घ्या. सायलेन्सर सगळ्यात शेवटी: आधी हेडकडचे नट, मग टांगणी. उलट केलं की पाइपचा ताण पुन्हा इंजिनावर बसतो. शेवटी प्रत्येक बोल्टवरून ब्रॅकेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

रबर माउंट तपासताना नुसत्या भेगा बघू नका. तेल प्यायलेलं रबर फुगतं आणि मऊ पडतं, जुनं कडक होतं. दोन्ही वाईट. कडक झालेलं रबर जास्त फसवं, कारण दिसायला ते धडधाकट असतं. अशा गाडीत आयडलला इंजिन डुलताना दिसतं, त्याला घाबरू नका. रबर माउंटच्या गाडीनं आयडलला डुलायचं आणि आरपीएम वाढले की शांत व्हायचं, हीच तिची रीत. आयडलला इंजिन स्थिर दिसतंय आणि वर गेल्यावर हातात कंपन येतंय, असं असेल तर रबर काम करत नाहीये किंवा कुठेतरी धातूला धातू टेकलाय.

इंजिनाची दुरुस्ती झाल्यानंतर सुरू झाली असेल

बॅलन्सर शाफ्टचं इंजिन कुणी उघडलं होतं आणि थरथर त्यानंतरच सुरू झाली, तर बाकी काही बघू नका. बॅलन्सरच्या गिअरवर आणि क्रँकच्या गिअरवर जुळवायच्या खुणा असतात. एक दात चुकला तरी इंजिन चालू होतं, स्लो (आयडल) घेतं, पिकअपही देतं. फक्त जोर मारायला ठेवलेलं वजन चुकीच्या क्षणाला पोहोचतं, आणि आरपीएम वाढतील तशी थरथर वर्गानं वाढते. बाहेरून केलेल्या कुठल्याही उपायानं ही जात नाही. एकच पिस्टन बदलला असेल तर दोन्ही पिस्टनांची वजनं जुळवली होती का, हेही विचारा.

एक सिलिंडर कमी ओढतोय

ही थरथर ओळखायला सोपी असते. कमी आरपीएमला जास्त, थ्रॉटल उघडताना जास्त, आणि जोडीला गाडी थोडी ओढ कमी घेते. चालू इंजिनावर प्लगची कॅप उपटून तपासू नका, ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की कॉइल आणि इग्निशनचा डबा धोक्यात येतो. थंड इंजिन चालू करून दोन्ही बेंड पाइप किती लवकर तापतात त्याची तुलना करा. पुढच्या-मागच्यात थोडा फरक राहणारच, मागच्या सिलिंडरला हवा कमी मिळते. पण एक पाइप चटका देतोय आणि दुसरा नुसता कोमट, तर प्लग, कॅप, कॉइल, मग इनटेकचं रबर. इनटेकच्या रबरावर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा, स्लो बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. टॅपेटची फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. दोन कार्ब्युरेटर असतील तरच व्हॅक्यूम गेज लावून जुळवणीचा प्रश्न येतो. एकाच कार्ब्युरेटरवर दोन्ही सिलिंडर चालणाऱ्या गाड्या आहेत, व्हल्कन 800 तशीच, तिथे जुळवायला काही नाही.

टॉप गिअरमध्ये 1800 आरपीएमला थ्रॉटल पिळल्यावर येणारे हिसके हा बिघाड नव्हे. दोन स्फोटांतलं असमान अंतर तिथे थेट चेनमध्ये, बेल्टमध्ये किंवा शाफ्टमध्ये जातं. गिअर खाली घ्या. हिसके पूर्वीपेक्षा वाढले असतील तर मागच्या हबमधले कुश रबर (धक्का शोषणारे रबराचे तुकडे) काढून बघा.

वेगाबरोबर येते: चाकं आणि चेसिस

इथे दोन वेगळी दुखणी आहेत. एकात हँडल भराभर डावीकडे-उजवीकडे थरथरतं, सेकंदाला साधारण 6 ते 10 वेळा, बहुधा ताशी 70 वरून 50 वर येताना. दुसऱ्यात गाडी आख्खी नागमोडी डुलते, सेकंदाला 2 ते 4 वेळा, जास्त वेगाला, आणि हँडल घट्ट धरलं तर बरेचदा वाढते. पहिल्यासाठी पुढचं टोक तपासायचं, दुसऱ्यासाठी मागचं. दुसरं सुरू झालं तर ब्रेक दाबू नका. थ्रॉटल हळूहळू सोडा, पकड सैल ठेवा, वेग उतरू द्या.

क्रूझरचा रेक, म्हणजे हँडलच्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल, 30 ते 35 अंश असतो आणि ट्रेल, म्हणजे त्या दांड्याची रेषा जमिनीला टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, 140 ते 160 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या ट्रेलमुळे गाडी सरळ धावते, पण टायरवरचा आडवा जोर हँडलपर्यंत तेवढ्याच लांब लिव्हरनं पोहोचतो. म्हणून स्पोर्ट्स बाईकवर कळणारही नाही एवढा टायरचा खडबडीतपणा इथे हातात येतो. पुढच्या टायरवर तळवा एकदा एका दिशेनं आणि एकदा उलट दिशेनं फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला दात लागले, तर टायरच्या नक्षीचे गट्टे तिरके झिजलेत. अशा टायरचं बॅलन्सिंग कितीही करा, उपयोग नाही. टायर बदलल्यावर बरं वाटून काही हजार किलोमीटरनी थरथर परत येत असेल तर टायर झिजवणारं कारण तसंच राहिलंय: कमी हवा, सैल कोनसेट किंवा मेलेले शॉकअप.

कोनसेट तपासायला पुढचं चाक जमिनीवरून उचला. फोर्कचे पाय खालून धरून पुढे-मागे ओढा, टक असा खेळ लागला तर सैल. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं सावकाश फिरवा. अगदी मध्यावर खाचेत बसल्यासारखं होत असेल तर रेसमध्ये (बेअरिंगच्या कडीत) खड्डे पडलेत, आवळून ते भरत नाहीत. गरजेपेक्षा घट्ट कोनसेटही वाईट. हँडल मोकळं फिरत नाही, चालवताना सतत बारीक सुधारणा कराव्या लागतात आणि गाडी डुलायला लागते.

मागचं चाक उचलून रिम दोन्ही हातांनी आडवी हलवा. खेळ लागला तर एका हातानं स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) धरून पुन्हा हलवा. स्विंगआर्म स्थिर आणि चाक हलतंय तर चाकाचं बेअरिंग, स्विंगआर्मच हलतोय तर त्याचं बुश. चेन किंवा बेल्टच्या गाडीत स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, पिव्हटच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. मोठी विंडस्क्रीन आणि ॲक्सलच्या मागे लटकणाऱ्या जड बॅगा असतील तर आधी त्या काढून चक्कर मारा. मागे लटकणारं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि चांगल्या चेसिसलाही डुलवतं.

जिथे दोन्ही दुखणी एक होतात

रबर माउंटच्या काही गाड्यांत स्विंगआर्म चेसिसला नसून इंजिन-गिअरबॉक्सच्या गठ्ठ्याला जोडलेला असतो. म्हणजे मागचं चाक ज्याला धरून आहे तो गठ्ठाच रबरावर बसलाय. त्याला उभं हलू द्यायचं पण आडवं नाही, यासाठी इंजिन आणि चेसिसमध्ये दोन्ही टोकांना गोलक सांधे असलेला एक छोटा दांडा असतो. या सांध्यांत खेळ आला किंवा मागचं रबर बसलं, की इंजिन आडवं सरकतं आणि मागचं चाक स्वतःहून वळायला लागतं. तक्रार मात्र येते "वळणावर गाडी डुलते" अशी, आणि लोक टायर, शॉकअप, कोनसेट सगळं बदलून बसतात. दांडा हातानं धरून पिळून बघा. तो नेमका ठरावीक लांबीचा ठेवायचा असतो, अंदाजानं लांब-आखूड केला तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेतून जातं.

माउंटचं काम झाल्यावर 300 ते 500 किलोमीटरनी थंड इंजिनावर रंगाच्या रेघा बघा आणि टॉर्क रेंच लावून खात्री करा. थोडा आवळला गेला तर हरकत नाही, पृष्ठभाग बसतात. पण पुढच्या तपासणीत त्याच एका बोल्टची रेघ पुन्हा तुटलेली असेल तर आवळणं थांबवा. बोल्ट काढा, कानाचं आणि ब्रॅकेटचं भोक व्हर्नियरनं आडवं आणि उभं मोजा. दोन मापांत फरक आला तर भोक लंबगोल झालंय. चेसिसचं ब्रॅकेट भरून, पुन्हा भोक पाडून घेता येतं, मात्र ते चेसिस जिगवर बसवून वेल्डिंग करणाऱ्याकडेच द्या आणि आधी बॅटरीच्या तारा व ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टर काढून ठेवा. इंजिनाच्या कानाचं भोक गेलं असेल तर त्यात पोलादी बाही बसवून घ्यावी लागते.